न्हाणीचा कोपरा

धामणदऱ्याच्या दौलतरावांकडे जेसीबी होते, डंपर होते, रस्त्याला लागून बंगला होता आणि चाकण चौकातल्या कोंडीत तासभर अडकलं तरी हॉर्नला हात न लावण्याचा मोठेपणाही होता. नव्हता तो फक्त धीर. गुळाची ढेप कागद न काढता चाटणारा माणूस, असं त्यांच्याबद्दल त्यांची बायको विजयश्रीच म्हणायची, आणि तिचा सत्तावीस वर्षांचा अनुभव होता.

जमिनी कंपन्यांकडे गेल्या तेव्हा भावकीतल्या कुणी पैसा लग्नात उडवला, कुणी निवडणुकीत. दौलतरावांनी मशीन घेतलं. जमीन कसून पोट भरत नाही, खणून भरतं, हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं होतं. कुठल्या कंपनीच्या पायात कुठल्या टेकडीचा मुरूम गेलाय हे ते गाडीत बसल्या बसल्या बोट दाखवून सांगायचे. आपला एकही डंपर कुठे रिकामा झाला ते आपण विसरलो नाही, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते बऱ्यापैकी खरं होतं.

गावाची काळी आधीच गेली होती. काळी म्हणजे शेताची जमीन आणि पांढरी म्हणजे माणसांच्या वस्तीची, ही जुनी वाटणी. धामणदऱ्याची पांढरी भामा नदीच्या काठाला उंच टेकाडावर होती. घर पडायचं, त्याच मातीवर दुसरं उठायचं, तेही पडायचं, आणि टेकाड आपलं वाढत राहायचं. आता तीही एका गोदामवाल्याने घेतली. माणसं खाली रस्त्यावर आली, घरं पाडली गेली. सपाटीकरण सुरू व्हायचं तेवढ्यात टेकाडाच्या कडेला रंगीत नक्षीची खापरं निघाली, आणि पुण्याहून खापरं ओळखणारे लोक आले. पाऊस लागेपर्यंत खणा, मग आम्हाला जागा मोकळी पाहिजे, असं गोदामवाल्याने त्यांना सांगितलं.

त्या लोकांची जागेवरची प्रमुख रश्मी. कासारवाडीची मुलगी, वडील फाउंड्रीत जन्मभर शिफ्ट करून निवृत्त झालेले. उन्हातान्हात टोपी घालून खड्ड्यात उकिडवी बसायची आणि दात घासायच्या ब्रशने माती झाडायची. दौलतरावांना पहिल्या दिवशी हे बघून हसू आवरेना. जे काम त्यांचं मशीन चहा पिऊन होईपर्यंत करून टाकेल, त्याला ही पोरगी दोन महिने लावणार होती.

खणायला सुरुवात व्हायच्या आदल्या दिवशी जेवताना तानुबाईंनी, म्हणजे दौलतरावांच्या आईने, भाकरीचा तुकडा ताटातच ठेवला.

"दौलत, त्या लोकांनी हात लावायच्या आधी मला एकडाव वर घेऊन चल. आपल्या न्हाणीच्या कोपऱ्यात माझं काही हाय."

"काय हाय?"

"हाय काहीतरी. पुरलेलं हाय. माज्या हातानं काढायचंय."

"अगं, पण हाय काय?"

"ते सांगायचं न्हाई," म्हणाल्या, आणि पुन्हा भाकरीकडे वळल्या.

दौलतरावांचा घास हातातच राहिला. त्यांची आजी गोजाबाई, तानुबाईंची सासू, मोठी जबर बाई. तिच्या गळ्यात सोन्याच्या पुतळ्यांची माळ होती, आणि ती मेली तेव्हा गळा मोकळा होता. त्या माळेपायी भावकीत दोन पिढ्या बोलणं बंद होतं. म्हातारीने ती कुठेतरी पुरली, असं सगळ्या गावाचं मत होतं. पुरलेलं म्हणजे सोनंच, दुसरं काय पुरणार? आमच्या पट्ट्यातल्या माणसांना जमिनीतून पैशाखेरीज दुसरं काही निघू शकतं हे सुचतच नाही. त्यात त्यांचा दोष म्हणावा तर गेली पंचवीस वर्षं जमिनीतून तेच तर निघत होतं.

आणि दौलतरावांना पुरावेही आठवले. लहानपणी आई त्यांना न्हाणीत बसवून आंघोळ घालायची. सगळं झालं की शेवटचा एक तांब्या ऊन पाणी त्यांच्या अंगावर कधीच यायचा नाही. तो ती कोपऱ्यात ओतायची, हळूहळू, धार धरून. मग त्यांच्या गालाला काजळाची तीट लावायची आणि बोटाला उरलेलं काजळ कोपऱ्यातल्या दगडाला पुसायची. वर्षानुवर्षं पुसून त्या दगडावर मोठा काळा डाग पडला होता. एकदा दौलतराव, चारपाच वर्षांचे असतील, त्या कोपऱ्यात मुतले, तर आईने त्यांना असं बडवलं होतं की ते अजून विसरले नव्हते. पुरलेल्या धनाची राखण याहून वेगळी काय असते?

आता दौलतराव लोभी नव्हते, हे मी सांगितलं पाहिजे. उतावळे होते. सरकारच्या लोकांना सोनं सापडलं की ते सरकारजमा होतं, एवढं त्यांनी ऐकलं होतं. आईला वर नेऊन, चारचौघांदेखत ते काढू कसं द्यायचं? त्यापेक्षा आपणच गुपचूप काढावं, सोनाराकडे उजळून घ्यावं आणि आईच्या पुढ्यात ठेवावं, असा त्यांचा बेत. तिच्या चेहऱ्यावर काय उमटेल ते त्यांनी मनात बघूनही टाकलं होतं.

सकाळीच ते रश्मीकडे गेले.

"मॅडम, घरांचा राडारोडा पडलाय वर. तो काढल्याशिवाय तुमचं काम सुरू होणार नाही. मी उचलतो सगळा. पैसे नकोत, आपल्याच गावचं काम."

दौलतरावांनी फुकट मशीन लावलं हे ऐकून विजयश्रीने त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. रश्मीला मात्र आनंद झाला.

"काका, फक्त एक करा," ती म्हणाली. "सारवलेली जमीन दिसली की थांबायचं. त्याच्या खाली मशीन नाही. तिथून आमचं काम."

"थांबणार म्हणजे थांबणार," दौलतराव म्हणाले.

रविवारी वर कुणी नव्हतं. दौलतरावांनी ऑपरेटरला सुट्टी दिली, राखणदाराला भजी आणायला चाकणला पाठवलं आणि स्वतः मशीनवर बसले. आपल्या घराची जागा त्यांना डोळे मिटून सापडली असती. उंबरा, ओसरी, माजघर आणि मागे न्हाणी. काळ्या डागाचा तो दगड त्यांनी बकेटच्या दातावर अलगद उचलला आणि बाजूला ठेवला. खाली हातभर माती निघाली, आणि परळाने, म्हणजे मातीच्या पसरट ताटलीने, झाकलेलं मडक्याचं तोंड दिसलं.

त्यांनी मशीन बंद केलं. एकदम एवढं शांत झालं की नदीपलीकडच्या, पत्रा ठोकणाऱ्या प्रेस शॉपचे ठोके ऐकू यायला लागले. पांढरेशुभ्र कपडे घातलेले दौलतराव खड्ड्यात उतरले, गुडघ्यावर बसले आणि नखांनी माती उकरू लागले. लोखंडाचं काहीच त्यांनी वापरलं नाही. मडकं मोकळं झालं तसे त्यांनी दोन्ही हात खाली घातले, बुडाला आधार दिला आणि उचललं. हलकं होतं. सोनं असं हलकं असतं का, अशी शंका मनात आली, पण ती त्यांनी दाबली. खांद्यावरचा टॉवेल खाली अंथरला, त्यावर मडकं ठेवलं, देवाचं नाव घेतलं आणि परळ काढला.

आत माती होती. ती त्यांनी टॉवेलवर ओतली. मातीत बारीक बारीक हाडं होती, तपकिरी, काडीसारखी, आणि दोरा कुजून सुटे झालेले काळे मणी.

कोंबडीची हाडं आणि काळे मणी. दौलतरावांच्या अंगावर काटा आला. करणी! आपल्या घरावर कुणीतरी करणी केली होती. म्हणूनच वडील ऐन उमेदीत गेले, म्हणूनच आई कोपऱ्यात पाणी ओतून ते थंड ठेवत होती. भीती, आणि माळ न मिळाल्याचा संताप, दोन्ही एकदम उसळलं. त्यांनी बुटाने मडकं लाथाडलं. ते फुटलं. मग टॉवेलसकट सगळं बकेटमध्ये ओढून डंपरमध्ये टाकलं, वर दगडही टाकला आणि बाटलीतल्या पाण्याने हात पुन्हा पुन्हा धुतले. तो डंपर औद्योगिक वसाहतीच्या दुसऱ्या फेजमधल्या कंटेनर यार्डात गेला. तिथे भर घालायचं त्यांचंच काम चालू होतं.

घरी आल्यावर तानुबाई दारातच उभ्या होत्या.

"कोपऱ्याला हात न्हाई ना लावला?"

"न्हाई गं," दौलतराव म्हणाले. करणीचं ऐकून म्हातारी धसका घेईल, असं त्यांना वाटलं. खोटं बोलण्याचं त्यांना त्या दिवशी काहीच ओझं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तानुबाई वर जाऊन बसू लागल्या. सकाळी रस्त्यावर उभं राहायचं, कंपनीच्या गाड्या एकामागून एक जाऊ द्यायच्या, मिळेल त्या रिक्षाने फाट्यापर्यंत जायचं आणि टेकाड चढायचं. हातात एक पिशवी असायची. पाडापाडीत सगळ्याच खुणा पुसल्या होत्या, दगड नव्हता, भिंत नव्हती, त्यामुळे त्यांना आपली न्हाणी नक्की कुठे ते समजेना.

"पोरी, आमच्या घराकडं कधी खणणार?" त्या रश्मीला विचारायच्या.

"मे महिन्यात, आजी. नदीच्या बाजूनं सुरुवात केलीय. तुमच्याकडं शेवटी येणार."

"येऊ दे. मी हाय," म्हणायच्या आणि कडुनिंबाखाली बसायच्या.

गावातले लोक हसायला लागले. तानुबाई माळेवर टपून बसल्यात, असं पारावर बोललं जाऊ लागलं. दौलतरावांना लाज वाटायची. तिथे आता काही नाही हे त्यांना माहीत होतं, पण सांगायचं कसं? आईला घरी आणायच्या निमित्ताने ते संध्याकाळी वर जायचे, आणि ती उठेपर्यंत रश्मीच्या खड्ड्याच्या काठावर उभे राहायचे.

खड्डा आता दोन पुरुष खोल गेला होता. त्याची भिंत रश्मीने सुरीने सरळ कापली होती आणि तिच्यावर थरांना चिठ्ठ्या लावल्या होत्या. अगदी वर बांगडीचे तुकडे, बाटलीची बुचं, टॉर्चचे जुने सेल.

"हे तुम्ही," रश्मी म्हणाली. "त्याच्याखाली ही कौलं, तुमच्या पणजोबांच्याही आधीची. हा काळा पट्टा दिसतो? गाव जळलं होतं एकदा. त्याच्याखाली या मोठ्या विटा, सातवाहनांच्या वेळच्या. आणि ही नुसती माती. इथं काही नाही. कित्येक शतकं इथं कुणी राहतच नव्हतं."

"आणि त्याच्या खाली?"

"त्याच्या खाली पुन्हा घरं. नक्षीच्या मडक्यांची माणसं. तीन हजार वर्षं झाली."

"ती का गेली मग? चांगली नदी सोडून?"

"पाऊस कमी झाला असेल. काही खात्रीनं सांगता येत नाही."

"म्हणजे त्यांच्यात कंपनी नव्हती आली," दौलतराव म्हणाले, आणि दोघंही हसली. पण घरी जाताना ते त्या काहीच नसलेल्या मातीच्या पट्ट्याचा विचार करत होते. आपल्या थराच्या वर कुणी असंच कापून पाहिलं तर त्यात काय दिसेल? काँक्रीट, आणि त्यावर काही नाही. त्यांना उगीचच वाईट वाटलं.

मे उजाडला. एका दुपारी रश्मीचा फोन आला, "काका, या. आजींना दाखवलंय, तुम्हीही बघा." दौलतराव गेले तेव्हा खड्ड्याभोवती माणसं जमली होती. तानुबाईंना कुणीतरी खाली उतरवून खुर्ची दिली होती; दौलतरावही उतरले. तळाला, एका जुन्या घराच्या चोपून केलेल्या जमिनीखाली, दोन मोठी मडकी आडवी ठेवलेली होती, तोंडाला तोंड लावून. वरच्या बाजूने ती खचली होती आणि आत मातीत बारीक बारीक हाडं दिसत होती.

तपकिरी, काडीसारखी. गळ्याशी मणी.

"लहान मूल आहे," रश्मी हळू आवाजात सांगत होती. "काही महिन्यांचं असेल. त्या लोकांत मूल गेलं की बाहेर नेत नसत. घरातच पुरायचे, जमिनीखाली, असं मडक्यात."

"का पण?" गर्दीतल्या कुणीतरी विचारलं.

"नक्की सांगता येत नाही. वेगवेगळी मतं आहेत."

"मतं कशाला पायजेत?" तानुबाई म्हणाल्या. "आईपासून लांब जाऊ नये म्हणून. तिच्या पायाखालीच ऱ्हावं, अन् पुन्हा तिच्याच पोटी यावं म्हणून."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. तानुबाई त्या मडक्यांवरून नजर काढत नव्हत्या.

"माजी बी हाय," त्या म्हणाल्या. "पयली. बारसंबी झालं न्हवतं. सासूबाईंनी मडक्यात घातली, काळ्या मण्यांच्या मणगट्या तशाच हातात ठेवल्या, न्हाणीत कोपऱ्याला पुरली. रडू दिलं न्हाई. म्हणल्या, तिचं नाव काढशील तर पाठच्याला लागंल. मला शपथ घातली. मग हा झाला." त्यांनी दौलतरावांकडे बोट केलं. "हा झाला, मग मी कशाला तोंड उघडते? पाणी घालायची तेवढं. ह्याची आंघुळ झाली की तिची. ह्याला काजळ, मग तिला काजळ."

दौलतरावांनी आपले दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"मग आता कसं बोललात, आजी?" रश्मीने विचारलं.

"आता काय लागायचं ह्याला? पन्नाशी गेली ह्याची. अन् जागाच चालली म्हणल्यावर तिला हितं एकटी कशी ठेवू? बंगल्याच्या मागं प्राजक्ताखाली ठेवीन म्हणलं." त्या रश्मीकडे वळल्या. "कोपरा कधी खणतीस, पोरी? आता आलंय न्हवं मे."

रश्मीने मान खाली घातली. पाडलेल्या घरांच्या जमिनी तिने झाडून घेतल्या होत्या, आणि एका ठिकाणी जमीन फोडून ताजा खड्डा काढलेला तिला दिसला होता. बकेटच्या दातांच्या खुणा होत्या त्याला. हे काम कुणाचं हे तिला ठाऊक होतं, पण फुकट मशीन देणाऱ्या माणसाला काय बोलायचं म्हणून ती गप्प राहिली होती. आता तिने मान वर करून दौलतरावांकडे पाहिलं.

दौलतराव मागे वळले आणि खड्ड्यातून वर चढले. गाडीत बसले आणि यार्डाकडे निघाले.

कंटेनर यार्ड आता तयार झालं होतं. नजर पोचेल तिथपर्यंत काँक्रीट, त्यावर पिवळे पट्टे, आणि पट्ट्यांत लांबच लांब ट्रेलर उभे. उन्हाने जमीन तापली होती. राखणदाराने ओळखून सलाम केला.

"काय शेठ, काही राहिलंय का आपलं?"

दौलतराव तसेच आत चालत गेले. त्या रविवारचा डंपर कुठे ओतला? कुंपणाच्या बाजूला की वजनकाट्याजवळ? कुठला मुरूम कुठे गेला ते बोटावर सांगणारा माणूस, पण आज त्यांना काही म्हणता काही आठवेना. ते एका पट्ट्यापासून दुसऱ्या पट्ट्यापर्यंत गेले, तिथून परत आले. एका ट्रेलरखाली सावलीत ड्रायव्हर स्टोव्ह पेटवून भात शिजवत होता. त्याने त्यांना बसायला सांगितलं. दौलतराव तिथेच काँक्रीटवर बसले आणि दोन्ही तळवे जमिनीला टेकवले. हात भाजले, तरी त्यांनी काढले नाहीत. मग त्यांना रडू फुटलं. ड्रायव्हरने भातावरचं लक्ष काढून पाण्याची बाटली पुढे केली.

ते परत टेकाडावर आले तेव्हा ऊन उतरलं होतं. गर्दी पांगली होती. रश्मी आणि तिची माणसं मडक्यांभोवती कापूस लावून वर पट्ट्या गुंडाळत होती. उचलून पुण्याला न्यायचं होतं, पेटीत, गवताच्या गादीवर. तानुबाई तशाच खुर्चीवर बसून होत्या.

"सावकाश गं," त्या रश्मीला म्हणत होत्या. "मान धर तिची. ही बी पोरगीच आसंल का?"

"एवढ्या लहान वयात कळत नाही, आजी."

"हिची आई न्हाई का घावली?"

"अजून नाही."

"मग तवर मी बसते हिच्यापाशी," तानुबाई म्हणाल्या.

दौलतराव त्यांच्या पायाशी मातीत बसले. आईच्या इतक्या जवळ ते कित्येक वर्षांत बसले नव्हते. यार्डातून येताना त्यांनी मनात सगळं जुळवलं होतं, पण तोंड उघडल्यावर त्यातलं काही आलं नाही.

"आई, तो कोपरा मी खणला."

तानुबाईंनी मान वळवली.

"पयल्याच रविवारी. मला वाटलं, आजीची माळ हाय. तुला आणून द्यावी म्हणलं."

रश्मीचे हात थांबले. तानुबाई लेकाकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो असता तर दौलतरावांना बरं वाटलं असतं.

"घावली व्हती का?"

"घावली."

"मशीननं काढलीस का हातानं?"

"हातानं," दौलतराव म्हणाले, आणि हे खरं होतं म्हणून त्यांनी ते घट्ट धरलं. "मशीन बंद केलं व्हतं. खाली उतरलो. गुडघ्यावर बसलो अन् दोन्ही हातांनी उचलली. बुडाला आधार देऊन. टॉवेल अंथरला अन् त्याच्यावर ठेवली."

तानुबाईंनी त्यांचे हात ओढून आपल्या हातात घेतले. तळवे लाल झाले होते, त्यांवरून त्यांनी अंगठा फिरवला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण तोंड हसत होतं. पन्नास वर्षं दाबून धरलेलं त्या आत्ता सोडत होत्या.

"मग बरं झालं," त्या म्हणाल्या. "कुणीच घेतली न्हवती रं तिला. बाप गावाला गेलेला, आत्या बारशाला येणार व्हती, ते झालंच न्हाई. मी अन् सासूबाई, दोघींनीच काय ते घेतलं. भावानं घेतली, लई बरं झालं."

मग पदराने डोळे पुसून त्यांनी पायाशी ठेवलेली पिशवी उचलली. आतून एक मऊ, धुऊन धुऊन पांढरं झालेलं लुगड्याचं फडकं काढलं, झटकलं, आणि मांडीवर नीट पसरलं. चारही कोपरे सरळ केले.

"कुठं ठेवलीस?" त्या म्हणाल्या. "दे इकडं."